भिंगरीचा पत्ता

फ्रेमवाल्याला नाही म्हणता येत नसे. हा मुळातला स्वभाव की धंद्याची शिकवण, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ज्या कारागिराच्या हाताखाली तो पट्टी कापायला शिकला, त्याने अगदी सुरुवातीलाच बजावलं होतं की गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. नको असलेलं काम आलं तर भाव असा सांगायचा, की गिऱ्हाईक आपणहून पिशवी उचलेल. मग जाताना तेच ओशाळतं, आणि पुढच्या वेळी साधं काम घेऊन पुन्हा आपल्याकडेच येतं.

त्या गल्लीतले सगळेच फ्रेमवाले असं करत. कुणी तडा गेलेला आरसा आणला, कुणी फुगीर काचेचा हट्ट धरला, की फ्रेमवाला चष्मा कपाळावर चढवायचा, मोजपट्टी उगाच इकडून तिकडे फिरवायचा आणि खालच्या आवाजात एक आकडा सांगायचा. गिऱ्हाईक म्हणायचं, "बरं, बघतो." आणि पायरी उतरायचं. गल्लीत याला 'भावानं वाटेला लावणं' म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

वाटायचं ते फक्त त्याच्या मुलीला. ती दुकानातच वाढली. कामाच्या टेबलाखाली पट्ट्यांचे तुकडे रचत बसायची, आणि गिऱ्हाईक गेलं की डोकं बाहेर काढायची.

"बाबा, सरळ नाही म्हणा की. दोन अक्षरं आहेत."

"तू गप्प बस."

"बघा, मलासुद्धा नाही म्हणत नाही. गप्प बस म्हणता."

तिला घरात आणि गल्लीत भिंगरी म्हणत. चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी कधी ठरली नाही. शाळेच्या दाखल्यावर तिचं चांगलं भारदस्त नाव होतं, पण हजेरीत ते पुकारलं की हे कुणाला बोलावताहेत, म्हणून तीच मागे वळून बघायची.

कॉलेजात असताना तिने स्वतःची वेबसाइट काढली. नाव तेच, भिंगरी. त्या काळी असं साधं नाव सहज मिळून जाई. फ्रेमला येणाऱ्या जुन्या फोटोंच्या पाठीवर लोकांनी काय काय लिहिलेलं असतं, ते ती मालकांना विचारून टिपून घ्यायची आणि वेबसाइटवर मांडायची. एकदा मागून पुठ्ठा ठोकला की ते अक्षर कुणाला दिसत नाही, मग कुठंतरी राहायला नको का, असं तिचं म्हणणं. 'हा फोटो काढला तेव्हा अंगातला कोट शेजाऱ्याचा होता.' 'उजवीकडची ती मी नव्हे, माझी बहीण. मी रुसून आत बसले होते.' अशी वाक्यं. फ्रेमवाल्याला त्यात एवढं काय आहे ते कळत नसे, पण गिऱ्हाइकं वाचून हसत, आणि ते त्याला आवडे.

वेबसाइटच्या तळाशी तिने पत्रव्यवहाराचा पत्ता दिला होता. त्या पत्त्यावर आलेली मेल दुकानाच्या संगणकावर उतरत असे.

पुढे तिला दूर जायचं होतं. जहाजांवर चित्रीकरण करणाऱ्या कुठल्याशा मंडळींबरोबर, वर्ष वर्ष पत्ता नसलेलं काम. तिने विचारलं. फ्रेमवाल्याच्या मनात सरळ नाही होतं. तो म्हणाला, "जा की. पण गेलीस तर या घराची पायरी पुन्हा चढायची नाही."

त्याला वाटलं, एवढा भाव कोण देतं. ती म्हणेल, बरं, बघते.

तिने तो भाव दिला. सकाळी तिची खोली आवरलेली होती आणि खुंटीवरची पिशवी गेलेली होती.

पुष्कळ दिवसांनी दुकानाच्या संगणकावर तीन वाक्यं आली. 'मी बरी आहे. शोधू नका. कधी लिहावंसं वाटलं तर इथेच लिहीन.' खाली सही नव्हती. घरच्या माणसांना सही कशाला. ज्या पत्त्यावरून ते आलं होतं त्यावर फ्रेमवाल्याने उत्तर लिहिलं, तर ते तसंच परत आलं. तो पत्ता तिने बंद केला होता.

'इथेच' या शब्दाला नवराबायको दोघं धरून राहिली. मध्ये गल्लीतली जुनी इमारत पाडली गेली. दुकान आणि वरचं बिऱ्हाड, दोन्ही हललं. दुकानाचा फोन गेला. आता तिला ठाऊक असलेली एकच जागा उरली होती, ती म्हणजे तिच्याच वेबसाइटचा पत्ता. म्हणून वेबसाइटचं नाव चालू ठेवायची मुदत भरत आली, तेव्हा फ्रेमवाल्याने नोंदणीवाल्यांना फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, तुमच्याच नावावर करून घ्या, म्हणजे दरवेळी मुलीच्या परवानगीचं लचांड नको. त्याने घेतलं. आणि पहिल्या पानावर, तिच्या वाक्यांच्या वर, एक ओळ घातली. 'दुकान नवीन जागी आले आहे. पत्ता व फोन खाली दिला आहे. केव्हाही यावे.' 'भिंगरी, ये' असं लिहायला त्याचा हात धजला नाही. शोधू नका म्हणाली होती. जगासमोर तिला हाका मारणं बरं दिसलं नसतं.

तेव्हापासून संध्याकाळी तो वर आला की बायको विचारायची, "आलं का काही?"

तो कधी म्हणायचा, "आज गर्दी होती, उद्या नीट बघतो." कधी म्हणायचा, "येईल." बायको मान हलवायची आणि ताट वाढायला घ्यायची.

एके दिवशी काही आलं खरं, पण ते भलत्याचंच होतं. लहान मुलांचे बूट करणारी एक कंपनी होती. तिच्या बुटांचं नावही भिंगरी. अलीकडे तिच्या पाट्या जिकडे तिकडे दिसत. कंपनीच्या वतीने कुणीतरी मोठ्या आदबीने लिहिलं होतं, की वेबसाइटचं हे नाव विकायचा आपला विचार आहे का, असल्यास अपेक्षा कळवावी.

फ्रेमवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. समोर गिऱ्हाईक नव्हतं, तरी त्याने मोजपट्टी हातात घेतली. मग त्याने असा एक आकडा लिहून पाठवला, की आपण फार खालच्या आवाजात बोलतोय असं लिहितानासुद्धा त्याला वाटलं.

संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं. ती हसायला लागली. "अहो, एवढ्यात तर आपली सगळी जुनी गल्ली आली असती."

"म्हणूनच. आता पुन्हा विचारणार नाहीत."

आणि खरोखर त्यांनी पुन्हा विचारलं नाही. बरेच दिवस शांततेत गेले. फ्रेमवाला मनातल्या मनात आपल्या उस्तादाला नमस्कार करून मोकळा झाला.

मग एक जाड पाकीट आलं. नावांच्या तंट्यांचा निकाल लावणारी एक संस्था असते, तिच्याकडे कंपनीने तक्रार केली होती. भिंगरी हा आमचा ट्रेडमार्क आहे आणि या माणसाने ते नाव अडवून धरलं आहे, ते काढून आमच्या हवाली करावं, अशी मागणी.

फ्रेमवाल्याने मेहुण्याला बोलावून घेतलं. मेहुणा वकिलाच्या कचेरीत टायपिस्ट होता, त्यामुळे अर्धा वकील आपण आहोतच आणि उरलेला अर्धा आपल्यामुळे चालतो, अशी त्याची समजूत होती. तो दुकानातल्या स्टुलावर बसला, चहा मागवला, म्हणाला, "भाऊजी, बुटवाल्यांना बुटानंच मारू." आणि कागद वाचू लागला. दुसऱ्या पानापासून त्याचे विनोद थांबले.

"यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं? विकता का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग तुम्ही नाही म्हणालात ना?"

फ्रेमवाला काच पुसायचं फडकं घडी करत राहिला. "भाव सांगितला."

"केवढा?"

त्याने सांगितला. मेहुण्याने कप खाली ठेवला.

"तायडे, इकडे ये जरा," त्याने बहिणीला हाक मारली. "यांनी काय करून ठेवलंय तुला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. आम्ही हसलो त्या दिवशी."

"आता हसू नका. यांच्या तक्रारीत तेच पहिलं कलम आहे. यांचं म्हणणं, दुसऱ्याचं नाव आधी अडवायचं आणि मग सोडायचे पैसे मागायचे, हा भाऊजींचा धंदा."

"अरे, पण तो विकायचा भाव नव्हता," फ्रेमवाला म्हणाला. "न विकायचा भाव होता."

"हे मला कळतं. तुमच्या गल्लीला कळतं. तिकडे कागद घेऊन बसलेल्या माणसाला कसं कळणार?"

"त्याला समजावून सांगू. जाऊन भेटू. कधी बोलावलंय?"

"बोलवत नाहीत. एकच लवाद असतो, तो सगळं कागदावर वाचतो आणि कागदावरच ठरवतो."

"म्हणजे आपलं तोंडसुद्धा कुणी बघणार नाही?" बायकोने विचारलं.

"नाही, ताई."

मेहुणा पुढे वाचत गेला. दुसरं कलम तारखेचं होतं. भिंगरीने नाव घेतलं तेव्हा ही बुटांची कंपनी जन्मालाही आली नव्हती, आणि हे फ्रेमवाल्याला आपलं हुकमाचं पान वाटत होतं. पण कंपनीचा वकील म्हणत होता, की मूळ मालकिणीने नाव कधी का घेतलं असेना, या गृहस्थांनी नाव आपल्या नावावर केलं ती खरी तारीख, आणि तोवर आमचा ट्रेडमार्क नोंदलेला होता. तिसऱ्या कलमात वेबसाइटच्या पहिल्या पानाचं चित्रच छापलं होतं. 'केव्हाही यावे' या शब्दांखाली जाड रेघ. आमच्या नावाच्या जोरावर हे स्वतःच्या फ्रेमच्या दुकानाकडे गिऱ्हाईक ओढत आहेत, याला आणखी कोणता पुरावा हवा.

"हे कुणी लिहिलं?" मेहुण्याने रेघेवर बोट ठेवलं.

"मीच. तिच्यासाठी."

"तिच्यासाठी असं कुठं म्हटलंय त्यात?"

"तिला कळलं असतं."

बायको मघापासून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "खरं काय ते लिहून टाका ना. पोरगी गेली, तिचा आमचा दुसरा धागा नाही, एवढंच. दगडाला पाझर फुटेल."

"फुटेल गं. पण पुरावा मागतील. भिंगरीचा जबाब मिळाला तर काम होईल. नाव माझं आहे, बाबा माझ्यासाठी सांभाळताहेत, एवढं तिनं लिहून दिलं तर बस."

"ती कुठं आहे हे ठाऊक असतं," फ्रेमवाला म्हणाला, "तर या नावाचं काय लोणचं घालायचं होतं आम्हाला?"

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टीं टीं आवाज तेवढा येत राहिला.

मेहुण्याने चार रात्री... नव्हे, त्याच्या म्हणण्याप्रमाणे चार रात्री, बहिणीच्या म्हणण्याप्रमाणे दोन दुपारी, खपून उत्तर तयार केलं. त्यात गल्लीतली रीत समजावून सांगितली, जुन्या गल्लीतल्या फ्रेमवाल्यांच्या सह्या जोडल्या, भिंगरीच्या लहानपणीचा एक फोटो जोडला. शेवटी तिची ती तीन वाक्यं जोडायची की नाही यावरून फ्रेमवाला अडून बसला. ती वाक्यं नवराबायकोखेरीज कुणी पाहिली नव्हती. बायको म्हणाली, "द्या. लाजून आजवर काय पदरात पडलंय?" तेव्हा त्याने दिली.

निकाल आला तो सभ्य भाषेत होता. त्यामुळेच तो वाचायला जास्त जड गेला. लवादाने लिहिलं होतं, की प्रतिवादीच्या दुःखाबद्दल सहानुभूती वाटते. परंतु प्रतिवादी स्वतः या नावाने ओळखला जात नाही. जोडलेल्या मजकुरावर लिहिणाराचं नाव नाही, पत्ता चालू नाही, तो कुणी लिहिला हे ठरवता येत नाही. गल्लीतल्या रिवाजाबद्दलचं निवेदन कुतूहल वाटावं असं आहे. परंतु ज्याला विकायचंच नाही तो किंमत कशाला सांगेल, हा प्रश्न शिल्लक राहतो. सबब हेतू अप्रामाणिक ठरतो आणि नाव तक्रारदाराच्या हवाली करावं.

'ज्याला विकायचंच नाही तो किंमत कशाला सांगेल.' फ्रेमवाल्याने हे वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. त्या अनोळखी माणसाने आपल्याला नेमकं ओळखलं आणि तरी चुकीचं ओळखलं, असं काहीतरी त्याला वाटलं. पण ते मेहुण्याला सांगावं इतकं स्पष्ट नव्हतं.

मेहुणा म्हणाला, "कोर्टात जाता येतं. पण तिथं मी पुरणार नाही, आणि जे पुरतील ते आपल्याला परवडणार नाहीत. त्यापेक्षा दुसरं नाव घेऊ. भिंगरीच्या पुढं काहीतरी जोडून."

"ती 'इथेच' म्हणालीय."

"अहो, पण ती शोधेल की, भाऊजी."

"आपण तिला शोधलं नाही. ती कशाला शोधेल?"

नाव जायला अजून थोडी मुदत होती. फ्रेमवाल्याने धीर करून कंपनीच्या वकीलबाईंना फोन केला. आवाजावरून त्या भिंगरीच्याच वयाच्या वाटल्या. त्यामुळे त्याला बोलणं एकदम सोपं झालं आणि लगेच अवघडही झालं.

"नाव घ्या," तो म्हणाला. "माझं काही म्हणणं नाही. फक्त त्या जुन्या पत्त्यावर कधी काही आलं, तर ते मला पाठवाल का? बुटांचं काही नसेल त्यात."

"काका, मी विचारून सांगते. खोटी आशा लावत नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. "कंपनीचा नियम आहे, काका. एकाच्या नावाने आलेली पत्रं दुसऱ्याला देता येत नाहीत. खाजगीपणाचा प्रश्न येतो."

"मी तिचा बाप आहे."

"हो. पण ते त्यांना..." त्या थांबल्या. "तिथं आलेलं सगळं एका ठिकाणी जमा होतं आणि आपोआप पुसलं जातं. कुणी वाचतही नाही, एवढं मी विचारून घेतलं."

हे आपल्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं आहे, हे फ्रेमवाल्याच्या लक्षात आलं. तो म्हणाला, "बरं."

"एक सांगू का काका? रागावू नका. पहिल्या पत्राला तुम्ही नुसतं नाही म्हटलं असतं, मुलीसाठी ठेवलंय, विकायचं नाही, एवढी एक ओळ, तर मीच त्यांना म्हटलं असतं की नाद सोडा. आमच्याकडे मग काही उरलंच नसतं."

"बरं," तो पुन्हा म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तसाच हात फोनवर ठेवून बसला.

राहिलेले दिवस त्याने एक चाळा लावून घेतला. सकाळी दुकान उघडलं की भिंगरीच्या पत्त्यावर आपणच एक मेल धाडायची. 'चालू आहे का.' जराशाने ती त्याच्याच संगणकावर उतरायची. चालू आहे का. मग तो पट्ट्या कापायला बसायचा. पहिल्या पानावरची जुनी ओळ त्याने काढली आणि तिच्या जागी, कुणाला काय वाटायचं ते वाटो, असं म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'भिंगरी, पायरी तुझीच आहे. चढ.' खाली फोन आणि पत्ता. ते लिहायला आजवर का जमलं नव्हतं, हे त्याला उलगडेना.

ती ओळ किती लोकांनी पाहिली, पाहिली का, काही कळायला मार्ग नव्हता. फोन वाजला की बायको जिन्यावरून निम्मी खाली यायची. एकदा काचवाल्याचा होता. एकदा आई आहे का म्हणून विचारणारा चुकीचा नंबर होता, आणि तेवढ्याने ती उरलेल्या पायऱ्याही उतरून आली.

एका सकाळी त्याने धाडलेली मेल उतरली नाही. परतही आली नाही. तो वाट बघत राहिला. मग त्याने वेबसाइट उघडली. पडद्यावर रंगीत बूट घातलेले छोटे छोटे पाय धावत होते. कोट शेजाऱ्याचा होता ते वाक्य नव्हतं, रुसून आत बसले होते तेही नव्हतं. ती सगळी वाक्यं मेहुण्याने उतरवून ठेवली होती, ती कुठं गेली नव्हती. गेली होती ती फक्त जागा.

दुपारी एक बाई ओल आलेलं चित्र घेऊन आल्या. रंग सुटत होता, कागदाला हात लावला तरी फाटला असता. फ्रेमवाल्याने चष्मा कपाळावर चढवला आणि मोजपट्टीकडे हात नेला. मग हात मागे घेतला. बाईंनी दोनदा विचारलं, "किती होतील?" तो चित्राकडे बघत राहिला, तेव्हा त्या ते गुंडाळून घेऊन गेल्या.

संध्याकाळी तो वर गेला. नाव जायचं आहे हे बायकोला ठाऊक होतं, पण ते आजच गेलं हे त्याने सांगितलेलं नव्हतं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. घडी घालता घालता, सवयीने, मान वर न करता तिने विचारलं, "आलं का काही?"

आज गर्दी होती, असं म्हणता आलं असतं. उद्या नीट बघतो म्हणता आलं असतं. येईल, हा तर नेहमीचाच शब्द होता, तोंडाशी आलाही होता.

"नाही," तो म्हणाला.

तिचे हात थांबले. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि आता यायचंही नाही."

बायकोने हातातली घडी पुरी केली, वर ठेवली आणि दिवा लावायला उठली. त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही.